वेल्डिंग नको, टाकीच बदला

दापोलीकर, तुमच्या मारुती जिप्सीची पेट्रोलची टाकी गंजून गळतेय आणि गॅरेजवाला तिला वेल्डिंग मारून देतो म्हणतोय ना, त्याला आधी थांबवा. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरतेच, आणि भडका तिचाच उडतो. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत पत्रा एका भोकापुरता थोडाच कुजतो! टाकीखालचा गार्ड, म्हणजे तिला दगडांपासून वाचवणारा पत्रा, उतरवून बघा. टाकी आणि गार्डच्या फटीत किनाऱ्यावरची वाळू, पावसाळी चिखल असा ओला थर बसलेला असतो. तो नखाने खरवडला की पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. भोकावर एम-सील थापणं गाडी घरी आणण्यापुरतं ठीक.

बोल्टांवर दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारा स्प्रे मारत राहा. नाही सुटले तर ग्राइंडर लावू नका, ठिणगी पडायची. आधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोल उपसा. गाडी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) असेल तर पंप टाकीतच असतो, लाइनमधलं प्रेशर सोडल्याशिवाय पाइप उपटू नका.

टाकी खाली आलीच आहे तर फिलरचा (पेट्रोल भरायचा) आणि ब्रीदरचा (हवा जायचा) रबरी पाइप, गेज युनिटचं (पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या भागाचं) गॅस्केट, फिल्टर सगळं नवं घाला. जुन्या रबराला चिरा असतात, मग टाकी नवी असूनही मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो. नवी टाकी चढवण्याआधी बाहेरून अंडरबॉडी कोटिंग करा, पण गार्डची पाणी निथळायची भोकं बुजवू नका. गॅरेजवाले हमखास बुजवतात.