अनुभव धागा: ॲप बदलतं तेव्हा आपलं गिऱ्हाईक कुठे जातं?

पुठ्ठा आणि दोरा

मी हाताने वह्या बांधून विकते. जुन्या वह्यांचे फोटो शोधताना परवा आमच्या फेसबुक पेजवरची २०१३ सालची एक पोस्ट सापडली. अंधारात काढलेला फोटो, खाली दीड ओळ, आणि त्याखाली "मला दोन", "माझ्यासाठी ठेव", "संपल्या का?" अशी रांग. त्या खेपेच्या सगळ्या वह्या रात्रीपर्यंत संपल्या होत्या. आता उजेड बघून, मागे कापड लावून फोटो काढते आणि लाइक येतो तो नणंदेचा. (तिचा कधीच चुकत नाही, त्याबद्दल आभार.)

पेजच्या पोस्टी लोकांना आपोआप दिसणं आधीपासूनच कमी होत चाललं होतं. जानेवारी २०१८ मध्ये तर फेसबुकने उघडच सांगितलं की फीडमध्ये (म्हणजे ॲप उघडल्यावर समोर लागणाऱ्या पोस्टींत) यापुढे मित्र-नातलगांच्या पोस्टींना प्राधान्य. मी ती बातमी वाचली होती. "आपलं काय, आपलं घरगुती" म्हणून सोडून दिली. हा गाढवपणा माझाच.

छोटा धंदा चालवणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहा. काय बदललं, तुम्ही काय केलंत, कशात नुसताच वेळ गेला. 'सातत्य ठेवा' छाप सल्ले नकोत, ते चिकार मिळतात.

चाकावरची

मातीची भांडी करते. इन्स्टाग्रामवर २०१६ पर्यंत फीड वेळेनुसार लागायचं. सकाळी भट्टी उघडली की फोटो टाकायचा, लोक चहा पिताना बघायचे, हिशेब सोपा. मग कुणाला आधी काय दाखवायचं हा क्रम अल्गोरिदम, म्हणजे ॲपचं गणित, ठरवू लागला. २०२० मध्ये रील्स (छोटे व्हिडिओ) आले आणि फोटो काढणारी मी व्हिडिओवाली झाले.

आता प्रत्यक्ष दृश्य सांगते. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून समोर टांगलेला. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे, नाहीतर लोक पुढे सरकतात. मातीला हे कोण सांगणार? गोळा मध्यावर आणायलाच मिनिटं जातात. शेवटी मी सुरुवात गाळून थेट भांडं उभं राहताना दाखवू लागले. सगळ्यात जास्त कुठलं रील चाललं असेल? उंच फुलदाणी करताना ती कंबरेत बसली आणि चाकावर लोळली, ते. लाखांनी बघितलं. त्यातून चौकश्या आल्या दोन. त्यातल्या एकीला ती पडलेलीच हवी होती.

आणखी एक किरकोळ दुःख. एका ॲपवर प्रोफाइलमधले चौकोन एके दिवशी उभे झाले. माझे वर्षानुवर्षांचे चौकोनी फोटो दोन्ही बाजूंनी कापले गेले आणि सगळ्या कपांचे कान गेले! एक बाई विचारत होत्या, बिनकानाचे कप मुद्दाम करता का?

रंगपेटी

गूगल प्लस, गूगलचं ते फेसबुकसारखं, आठवतंय का कुणाला? चित्रकलेच्या क्लाससाठी तिथे मन लावून गोतावळा जमवला होता. एप्रिल २०१९ मध्ये ते बंद झालं. चित्रं उतरवून घेता आली, माणसं नाही.

सुईदोरा

@रंगपेटी, अगदी अगदी. टिकटॉकवर भारतात बंदी आली (जून २०२०) तेव्हा माझ्या ओळखीतल्या एकीचं तसंच झालं. बघणारे पुष्कळ होते, पण नंबर एकाचाही नव्हता.

माझं शिवणकाम आहे. मी पहिल्यापासून व्हॉट्सॲपवर, त्यामुळे स्वतःला शहाणी समजत होते. ब्रॉडकास्ट लिस्ट केली (एकच निरोप एकदम सगळ्यांना वेगवेगळा जातो), एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, नवीन डिझाइन आलं की पाठवायचं. वर्षभर पाठवलं. मग एक जुनी गिऱ्हाईक भेटली, म्हणाली, "ताई, हल्ली काही करत नाही का तुम्ही?" तेव्हा कुठे कळलं की ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो, त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. तिच्याकडे नव्हता! आता माप घेताना टेप हातात असतानाच सांगते, आधी नंबर सेव्ह करा, मग हात वर करा. एकीच्या फोनमध्ये मी 'शिवण बाई खडूस' नावाने आहे. असू दे, पोचतंय ना.

दुसरी गोष्ट ४ ऑक्टोबर २०२१ ची. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद होतं. दुसऱ्या दिवशी द्यायचे कपडे टेबलावर, कात्री हातात, आणि मापं? ती चॅटवर यायची होती. हे माझंच आळशीपण. निरोप येत नव्हते म्हणून बाह्या अंदाजाने कापल्या, एक जोडी चुकली. तेव्हापासून जाड वही आहे, त्यात माप, नंबर, तारीख. ॲप फक्त निरोपाला.

पट्टा बक्कल

थोडा तांत्रिक मुद्दा, जाहिरात देणाऱ्यांसाठी. मी चामड्याच्या बॅगा विकतो. पूर्वी कुणी माझ्या साइटवर बॅग बघून निघून गेलं की तीच बॅग पुढचे काही दिवस त्याला जाहिरातीत दिसायची, आणि निम्मे लोक लाजेकाजेस्तव का होईना परत यायचे. (निम्मे हा माझा अंदाज, भांडू नका.) एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १४.५ (आयफोनची नवी प्रणाली) आणलं आणि दुसऱ्या ॲप-साइटवर माग काढायचा तर आधी परवानगी घ्या असा नियम केला. मीही माझ्या फोनवर 'नको' म्हटलं, तर इतरांना काय बोलणार?

पण परिणाम असा की जाहिरातीच्या अहवालात विक्री शून्य दिसते आणि इकडे पार्सलं बांधतोय. दोनदा चालती जाहिरात 'चालत नाही' समजून बंद केली. आता ऑर्डरच्या फॉर्मवर एकच रकाना वाढवलाय: 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' उत्तरं वाचून माणूस नम्र होतो. मी ज्या जाहिरातीवर रात्री जागलो तिचं नाव क्वचित येतं, 'ऑफिसात एकाच्या खांद्यावर बघितली' हे वारंवार.

कुंडीवाला

माझं खातंच चोरीला गेलं. कोणता प्लॅटफॉर्म ते राहू दे. 'तुमच्या फोटोवर कॉपीराइटची तक्रार आहे, इथे क्लिक करा' असा मेसेज आला, घाईत क्लिक केलं. तासाभरात माझ्या रोपांच्या नावाखाली पैसे दुप्पट करायची योजना सुरू! अकरा दिवस फॉर्म भरत होतो, पलीकडून ठरावीक साच्याची उत्तरं. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) आजच चालू करा आणि पेजला दुसरा ॲडमिन नेमा. बास.

चेन स्प्रॉकेट

सगळे रडताय म्हणून उलटं लिहितो. मला बदलाचा फायदाच झाला. सायकल दुरुस्ती करतो. २०२२ मध्ये सुरू केलं तेव्हा फॉलोअर शून्य. जुनं फीड असतं तर मला कोणी बघितलंच नसतं, कारण ते आधी येऊन बसलेल्यांचं होतं. छोट्या व्हिडिओंचं बरं हे की ते न ओळखणाऱ्यांनाही दिसतात. चेनचा खडखड आवाज आणि तेल दिल्यावरचा आवाज, एवढाच माझा पहिला व्हिडिओ. बोललोही नाही. त्यावर लोक आपापल्या सायकलींचे आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागले, अजून पाठवतात.

पण प्रत्यक्ष दारात येणारा बहुतेक वेळा नकाशावर शोधून येतो. गूगलवरची धंद्याची नोंद (आधी 'माय बिझनेस', २०२१ पासून 'बिझनेस प्रोफाइल') नीट ठेवा. वेळ बरोबर, सुट्टी बरोबर. तिथूनच मोफत वेबसाइट करून मिळायची, मीही केली होती. मार्च २०२४ मध्ये त्या साइट्स बंद झाल्या आणि माझ्या छापील कार्डांवर तोच पत्ता. उरलेल्या गठ्ठ्यावर पेनाने खोडत बसलो.

चाकावरची

@चेन स्प्रॉकेट, आधी येऊन बसलेल्यांत मी होते हो. मान्य आहे.

पुठ्ठा आणि दोरा

वाचतेय सगळं. आज बसून २०१३ च्या त्या पोस्टीखालची नावं कागदावर उतरवली. तिघींचे नंबर जुन्या पावत्यांत मिळाले, फोन केले. एक म्हणाली, वही अजून भरली नाही, भरली की कळवते. @सुईदोरा, तुमची ती जाड वही कशी लावलीय? आडनावाने?

सुईदोरा

नाही हो. माप घेतल्याच्या महिन्याने. वर्ष होत आलं की फोन करते, मुलं वाढलेली असतात.