मदत हवी आहे: सोलापुरातच काम करायचे असल्यास एमपीटीला (फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीला) कोणती शाखा घ्यावी?

नमस्कार. मी मूळची सोलापूरची असून, बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) आणि त्यातील सहा महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण करून सध्या अशोक चौक परिसरातील एका खाजगी क्लिनिकमध्ये काम करते. यंदा एमपीटीची सीईटी द्यायचे पक्के झाले आहे, परंतु शाखेचा निर्णय होत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपल्यावर पुण्या-मुंबईत न थांबता सोलापुरातच व्यवसाय करायचा असल्याने सल्ला त्याच दृष्टीने हवा आहे.

कॉलेजातील शिक्षकांनी आणि बरोबरीच्या बहुतेकांनी मस्क्युलोस्केलेटल (स्नायू, हाडे व सांध्यांची) शाखा सुचवली, कारण मान, कंबर आणि गुडघ्याचे पेशंट कुठेही मिळतात. माझा ओढा मात्र कम्युनिटी फिजिओथेरपीकडे आहे. आमच्याकडे येणाऱ्या विडी कामगार स्त्रिया मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसतात, त्यामुळे त्यांची मान आणि अंगठ्याकडील मनगट सतत दुखत असते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितले की काही विचारण्याआधीच चेहऱ्यावर उत्तर दिसते. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने हाताला विश्रांती देण्याचा सल्ला त्यांना परवडणारा नसतो. ‘मॅडम, करंट लावा आणि लवकर सोडा,’ असे म्हणून त्या दोन-चार सिटिंगनंतर येणे बंद करतात. यंत्रमागावर उभ्याने काम करणाऱ्यांचेही थोडेफार असेच आहे. दुखण्याचे मूळ कामाच्या बैठकीत असताना केवळ टेबलावर झोपवून उपचार करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही, आणि एर्गोनॉमिक्स (कामाची बैठक व पद्धत शरीराला सोयीची करणे), स्त्रियांचे आरोग्य व वृद्धांचे पुनर्वसन हे विषय कम्युनिटी शाखेतच एकत्र शिकायला मिळतात.

अडचण पैशांची आहे. शासकीय जागा थोड्या असल्यामुळे खाजगी कॉलेज घ्यावे लागले तर शैक्षणिक कर्ज काढावे लागेल, आणि ‘कम्युनिटी’ लिहिलेली पाटी पाहून पेशंट येतील का, हा वडिलांचा प्रश्न मला टाळता येत नाही. न्यूरो (मेंदू व मज्जासंस्थेच्या) शाखेचाही विचार केला होता, कारण अर्धांगवायूच्या पेशंटांना घरी जाऊन व्यायाम देणाऱ्यांना इथे चांगली मागणी आहे. परंतु केवळ मागणी आहे म्हणून ती शाखा घेणे मनाला पटत नाही.

ज्यांनी कम्युनिटीमध्ये एमपीटी करून लहान शहरात स्वतःचे क्लिनिक चालवले आहे, त्यांनी सुरुवातीच्या काळात उत्पन्नाची घडी कशी बसवली, हे कृपया सविस्तर लिहावे. शाखा आणि कॉलेज यांपैकी एकच मनासारखे मिळणार असेल, तर स्वतःचे मोठे रुग्णालय असलेले कॉलेज घेऊन शाखेबाबत तडजोड करावी का? शिवाय प्रबंधासाठी विडी कामगारांचाच विषय घ्यायची इच्छा आहे. कॉलेज दुसऱ्या शहरात असताना सोलापुरात माहिती गोळा करण्यास गाइड आणि नैतिकता समितीकडून परवानगी मिळाल्याचा कोणाचा अनुभव आहे का, आणि त्यासाठी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) देण्यापूर्वी कोणती पत्रे जमवावी लागली?