करार झाला म्हणून भेद मिटत नाही

‘युनियनशी वेतनकरार झाला असेल, तर स्त्री-पुरुषांच्या पगारात फरक असला तरी मालकाला चिंता नाही’ असे मत मांडले जाते, ते मला मान्य नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली नेमका हाच बचाव फेटाळला होता. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार मिळे. हा पगार युनियनशी झालेल्या करारानुसारच आहे, शिवाय त्या जागी पुरुष नेमलेलेच नाहीत, तेव्हा तुलना कशी करणार, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने मात्र पदाचे नाव बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम पाहिले, ते जवळपास सारखेच आढळले, आणि समान वेतन देण्याची ऐपत नाही ही सबबही १९७६ च्या समान वेतन कायद्यापुढे टिकली नाही.

म्हणून आस्थापना विभागाने पगारपत्रक आणि कामाचे तपशील शेजारी ठेवून वाचावेत, असे मला कळकळीने वाटते. एखाद्या पदावर केवळ स्त्रियाच का आहेत, हा प्रश्न तिथेच पुढे येतो. वरवर किरकोळ दिसणारा वेगळा हुद्दा, उदाहरणार्थ एकाच कामासाठी एकाला ‘अधिकारी’ आणि दुसरीला ‘सहायक’ म्हणणे, मला सर्वांत धोक्याचा वाटतो.