हाडं किरणांनी नाही, भार नसल्याने जातात

येऊरकर:
आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी फॉरवर्ड आला: ‘अंतराळवीरांची हाडं रेडिएशनने पोखरतात. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरने आपलंही तेच होतंय. कॅल्शियम घ्या, टॉवर हटवा.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

अंतराळ स्थानकात खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्का झिजतं. इथे म्हातारपणी तेवढं झिजायला साधारण वर्ष जातं. हाडात जुनं खरवडणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशींचं काम सतत चालू असतं. पायावर वजन पडेनासं झालं की खरवडणाऱ्यांचं काम वाढतं, भरणाऱ्यांना तेवढं भरून काढता येत नाही. सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, म्हणून तिथे मुतखड्याचीही भीती. नुसत्या गोळीने भागलं असतं तर ती माणसं रोज दोन तास व्यायाम कशाला करतील? सुनीता विल्यम्स २८६ दिवस वर होत्या, त्यांनाही हा व्यायाम चुकला नाही.

आणि किरणांचंच म्हणाल तर, अभ्यासासाठी धडधाकट लोकांना डोक्याकडची बाजू ६ अंश खाली ठेवून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवतात. तिथे कसलं रेडिएशन? तरी हाडं झिजतात.

ऐरोली७:
तुम्ही अर्धंच सांगताय. स्थानक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशाला आहे, बरेच किरण तिथेच अडतात. मंगळाकडे जाताना नासाच्या क्युरिऑसिटी गाडीवरच्या यंत्राने रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मोजलं. जमिनीवर आपल्याला सरासरी २.४ मिळतात, ते अख्ख्या वर्षात. उंदरांवर किरण सोडले की खरवडणाऱ्या पेशी चेकाळतात, हेही दिसलंय. माझ्या मावशीला ओटीपोटावर रेडिएशन दिलं होतं. पुढे न पडता कंबरेचं हाड तडकलं. डॉक्टर म्हणाले, उपचारांचा परिणाम. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि टॉवरबद्दल अवाक्षर नाही तुमच्या लेखात!

वायरमन_कळवा:
टॉवरच्या लहरी वेगळ्या हो. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद त्यांच्यात नसते. मावशींचे किरण आणि हे एका पारड्यात घालू नका. वीस वर्षं या कामात आहे.

ऐरोली७:
वीस वर्षं कंपनीचा पगार घेतल्यावर दुसरं काय सांगणार?

वायरमन_कळवा:
मी सोसायट्यांचे मीटर बसवतो. कंपनीचा एक रुपया घेतलेला नाही. शब्द मागे घ्या.

मीनल_नौपाडा:
तुमचं टॉवरचं चालू दे, मला झोपवून ठेवण्याबद्दल बोलायचंय. सासूबाईंचा पाय मोडला. प्लास्टर काढलं तेव्हा ती पोटरी माझ्या मनगटाएवढी झाली होती, कातडी नुसती लोंबत होती. फिजिओ म्हणाली, आजपासून उभं करा. मी उभं केलं. त्या कळवळल्या, तर शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, ‘अगं, जरा आराम करू दे म्हातारीला.’ नणंदेने फोन करून ‘आईला छळतेस’ म्हणून ऐकवलं. मुलाने चालवलं असतं तर ‘किती सेवा करतो’ म्हणाले असते. सुनेने चालवलं की छळ!

पाचपाखाडी_दादा:
ताई, दुखत असताना ओढूनताणून चालवणं बरोबर नाही. आमच्या आजीला आम्ही शेवटपर्यंत पलंगावरून उतरू दिलं नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात दिला.

मीनल_नौपाडा:
आणि त्या पुन्हा उठल्या का?

पाचपाखाडी_दादा:
नाही उठल्या. पण ते वयामुळे. आमच्या प्रेमावर शंका घेऊ नका.

मीनल_नौपाडा:
प्रेमावर नाही, पलंगावर घेतेय. माझ्या सासूबाई आज दोन जिने स्वतः चढतात. नणंद अजून बोलत नाही माझ्याशी.

वाशी_आजोबा:
चालवा म्हणता, पण कुठे? आमच्या सेक्टरात फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, उरलेल्या जागेत फरशी उखडलेली. ७४व्या वर्षी पडलो तर खुबाच जायचा. मी घरातच खुर्चीवरून दहा वेळा उठतो-बसतो, हात न टेकता.

येऊरकर:
आजोबा, हेच. आपलंच वजन आपल्या पायांवर.

ऐरोली७, मावशींचं वाचून वाईट वाटलं. शीर्षकात मी ‘किरणांनी नाही’ असं सरसकट लिहिलं, ते चुकलं. लांबच्या प्रवासात किरणांचा हाडांवर परिणाम होऊ शकतो, मान्य. पण स्थानकावर आजवर जे हाड गेलं, त्याचं मुख्य कारण वजन नसणं हेच, यावर ठाम आहे. आणि गेलेलं सगळं परत येतंच असंही नाही. २०२२ साली छापलेल्या अभ्यासात १७ अंतराळवीर परतून वर्ष झालं, तरी बऱ्याच जणांची नडगी पूर्ववत झाली नव्हती.

ऐरोली७:
‘होऊ शकतो’ नाही, होतो. पण झोपवून ठेवण्याच्या प्रयोगाला माझ्याकडे उत्तर नाही. वायरमन, पगाराचं बोललो ते मागे घेतो. टॉवरचं नाही.

मीनलताई, माझी आई दीड महिना पलंगावर आहे. हाड जुळलंय, डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय, आम्हीच घाबरतो. वॉकर केवढा घ्यायचा?

मीनल_नौपाडा:
आधी फिजिओला घरी बोलवा. उभं राहून हात सरळ सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. उंची कमी-जास्त होणारा घ्या. आणि खालची रबरं बघून घ्या, आमची एका महिन्यात झिजली होती.