'सेल सॉर्टिंग': वर्गीकरण, निवड की प्रतवारी?

प्रश्न: उपचारासाठी रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढण्याला मराठी लेखांत सरसकट 'पेशी-वर्गीकरण' म्हणतात. प्रकाशाने आणि ध्वनीने होणाऱ्या दोन्ही कामांना हा शब्द चालेल का?

प्रतिसाद १: चालू नये. वर्गीकरण म्हणजे कोण कुठल्या गटातले ते ठरवणे. तेवढे साधी फ्लो सायटोमेट्रीही (धारेतल्या पेशी प्रकाशाने मोजण्याची पद्धत) करते. मोजलेल्या पेशी तिथे वाया जातात. पेशी वेगळ्या काढणाऱ्या यंत्रात, म्हणजे सॉर्टरमध्ये, पेशी एकेक करून लेझरसमोरून जाते, बहुधा ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या. पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून आकारमानाचा अंदाज येतो, बाजूला विखुरलेल्यावरून आतल्या कणीदारपणाचा. प्रतिपिंडाला जोडलेल्या रंगद्रव्याच्या चमकेवरून ती सीडी४ की सीडी८ (पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून ओळखले जाणारे टी-पेशींचे प्रकार) ते कळते. मग धारेचे थेंब पाडून हव्या पेशीच्या थेंबाला विद्युतभार देतात आणि तो वळून नळीत पडतो. तांदूळ दाणा दाणा पाहून निवडतात तसेच हे. म्हणून 'पेशी-निवड'. (या तंत्राला 'फॅक्स' सर्रास म्हणतात, पण ते एका कंपनीचे व्यापारचिन्ह आहे.)

प्रतिसाद २: 'निवड' नैसर्गिक निवडीत अडकलेला शब्द आहे. मळणी, पाखडणीच्या चालीवर 'निवडणी' म्हणा. कृती लगेच कळते.

ध्वनीसाठी मात्र 'प्रतवारी'च. बारीक वाहिनीत पिझो स्फटिकाने (विजेने कंप पावणाऱ्या) ध्वनीचा स्थिर तरंग उभा करतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणून २ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी ३७५ मायक्रोमीटर. वाहिनीची रुंदी तेवढीच ठेवली की निस्पंद (जिथे दाब बदलत नाही ती जागा) बरोबर मध्यावर येतो. पेशींना तिकडे ढकलणारे बल घनफळाच्या प्रमाणात असल्याने पांढऱ्या पेशी मध्याकडे लवकर सरकतात, प्लेटलेट मागे राहतात. मेदाचे थेंब तर उलट भिंतीकडे जातात. रंगद्रव्य लागत नाही, पण सीडी४ आणि सीडी८ यांतला फरक ध्वनीला कळत नाही. स्फटिक तापला की द्रवातला ध्वनीचा वेग बदलतो, अनुनाद सरकतो आणि रांग विस्कटते. तापमान स्थिर ठेवणे अटळ.

प्रतिसाद ३: 'निवडणी' मान्य. सोबतचे शब्दही ठरवू. एकमेकींना चिकटून एकच म्हणून मोजल्या गेलेल्या दोन पेशींना 'जोडगोळी' म्हणावे. त्या गाळल्या नाहीत तर शुद्धता घसरते. लेझरपासून थेंब तुटेपर्यंतचा वेळ म्हणजे 'थेंब-विलंब'. तो चुकला की भार शेजारच्या थेंबाला बसतो आणि नळीत भलतेच येते.

गुठळ्यांनी तोटी तुंबते. नमुना ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळावा, द्रावणात २ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन धरून ठेवणारे रसायन) ठेवावे. मेलेल्या पेशींच्या चिकट डीएनएसाठी डीएनेझ (डीएनए तोडणारे विकर) घालायचे असेल तर त्या टप्प्यावर ईडीटीए नको: या विकराला मॅग्नेशियम लागते आणि ईडीटीए तेच धरून ठेवते. सहसा ७० मायक्रोमीटरची तोटी सुमारे ७० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबावर चालते; नाजूक किंवा मोठ्या पेशींना १०० मायक्रोमीटर आणि २० पीएसआय बरे, वेग मात्र कमी होतो.

प्रतिसाद १: वेगाचा मुद्दा शब्दालाही लागू आहे. सेकंदाला २०,००० पेशी धरल्या तरी १० कोटींना ८३ मिनिटे लागतात. म्हणून सीडी३४ प्रथिन असलेल्या मूलपेशी रुग्णासाठी काढताना बहुधा चुंबकी मणी वापरतात. तिथे सगळ्या एकदम बाजूला होतात, एकेक पाहिली जात नाही. त्याला 'निवडणी' नको, 'विलगीकरण' म्हणा.