मदत हवी आहे : गॅलियमच्या थेंबावरच्या लेपाचा विद्युत रोध कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. द्रवधातूच्या थेंबांवर नॅनोकणांचा लेप दिला की ते एकमेकांत मिसळत नाहीत, काचेवर गोट्यांसारखे घरंगळतात. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातलं यावरचं 2013 चं काम सरांनी वाचायला दिलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. गॅलियम-इंडियमही (खोलीच्या तापमानालाच पातळ राहणारं धातूंचं मिश्रण) सरांनीच पदरचे पैसे घालून आणून दिलं.

मिश्रण 75.5 टक्के गॅलियम, 24.5 टक्के इंडियम. साधारण 3 मिलिमीटरचा थेंब टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनो पावडरीत लोळवला की चकाकी जाऊन तो खडूच्या गोळीसारखा पांढरा होतो. दोन गोळ्या एकमेकींवर ढकलल्या तर दबतात, पण एक होत नाहीत. (पहिला थेंब चुकून अॅल्युमिनियमच्या झाकणावर सांडला. दुसऱ्या दिवशी झाकण बोटानं दाबलं तर चुरा झालं. तुम्ही करणार असाल तर अॅल्युमिनियम लांबच ठेवा.)

तांबं गॅलियममध्ये हळूहळू विरघळतं, म्हणून मी पेन्सिलीची शिसं जोडणीला वापरते. एक शीस थेंबात खुपसलेलं, दुसरं लेपावर अलगद टेकवलेलं. उघड्या थेंबावर मल्टीमीटर 4-5 ओहम दाखवतो, लेपावर कधी 60 किलोओहम, कधी 2 मेगाओहम. मल्टीमीटरची टोकं उलटी केली की आकडा बदलतो. पण शीस जरा जास्त टेकलं तरी लेप फाटतो आणि पुन्हा 5 ओहम.

मला अडलंय ते असं. हवेत थेंबावर आपोआप गॅलियम ऑक्साइडची 1 ते 3 नॅनोमीटरची साय धरते आणि तीही वीज अडवते. मग मी मोजते तो रोध पावडरीचा की सायीचा? सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात साय निघते, पण मग पावडर धड बसत नाही, ओले गोळे होतात. कणांना धरून ठेवणारी बहुतेक ती सायच असावी.

शिवाय टोकं उलटी केल्यावरचा फरक डायोडसारखा (वीज एकाच दिशेनं सहज जाऊ देणारा) आहे, की नुसता माझ्या हाताच्या दाबाचा? 9 व्होल्टची बॅटरी, पोटेन्शिओमीटर (व्होल्टेज कमी-जास्त करायला) आणि 1 मेगाओहमचा रोध लावून व्ही-आय (व्होल्टेज-विद्युतप्रवाह) आलेख काढला तर ते कळेल का? शीस दर वेळी सारखंच टेकावं यासाठी कोणी काही साधी युक्ती केली आहे का?

सोमवारी सर नागपूरला जाणार आहेत. तिथून काही आणायचं असेल तर कृपया त्याआधी सांगा.