अल्फा ०.९४ आला म्हणून मास्तर चांगला?

तासिकावाला
परवा 'कोथरूडकर' यांनी लिहिलं: "मुलांनी शिक्षकांना पाचपैकी गुण द्यायच्या आमच्या वीस प्रश्नांच्या फीडबॅक फॉर्मचा क्रॉनबॅक अल्फा ०.९४ आला. प्रश्नावली शास्त्रशुद्ध ठरली, आता शिक्षकांनी कुरकुर थांबवावी." तेव्हापासून डोक्यात जातंय, म्हणून वेगळा धागा.

अहो, प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, म्हणजे अंतर्गत सुसंगती, एवढंच अल्फा सांगतो. ते शिकवणं मोजतात की सरांचा गोड स्वभाव, हे नाही सांगत. त्यात प्रश्न वाढवले की तो फुगतो. "सर विषय समजावतात", "नीट समजावतात", "समजावणं स्पष्ट असतं" असं तीनदा विचारल्यावर उत्तरं जुळणारच की! मी एकदा "सर तासाला उशिरा येतात" असा उलटा प्रश्न घुसडला होता. निम्म्या वर्गाने तिथेही ५ दिले. म्हणजे मी उत्तम शिकवतो, आणि कायम उशिरा येतो.

कोथरूडकर
अर्धवट वाचून लिहिण्याची पुणेरी परंपरा. फॅक्टर अ‍ॅनालिसिसही केलंय, म्हणजे कुठले प्रश्न एका गटात, एका घटकात पडतात ते तपासलंय. त्यासाठी माहिती योग्य आहे का हे सांगणारा केएमओ ०.९१, चार स्वच्छ घटक. मार्श या संशोधकाची अशीच प्रश्नावली १९८२ पासून जगभर वापरतात, तिथे नाही कोणाला पोटदुखी.

कर्वेरोडची मॅडम
मार्शने नऊ घटक धरून पुढे वर्षानुवर्षं ते तपासले. तुम्ही कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या सर्वेक्षणातले प्रश्न उचलून एका दुपारी सॉफ्टवेअरमध्ये टाकलेत. शिवाय फॉर्म ४८० असले तरी शिक्षक बाराच ना? मोजायचाय शिक्षकाशिक्षकातला फरक, तर एका वर्गातली मुलं सुटीसुटी धरून कसं चालेल? १९७३ साली छापलेला डॉ. फॉक्सचा प्रयोग आठवा. नट उभा करून अर्थहीन व्याख्यान दिलं, समोर शिकलेसवरलेले लोक, आणि त्यांनी वर छान शेरे दिले.

तासिकावाला
आणि त्या शेऱ्यांवर आम्हा तासावर पैसे मिळणाऱ्यांची पुढच्या वर्षीची नेमणुकीची ऑर्डर ठरते, मॅडम. पर्मनंटवाल्यांना २ मिळाले तरी पगार एक तारखेला. मला ३.८ मिळाले, तर मे महिन्यात केबिनबाहेर स्टुलावर बसवलं.

कोथरूडकर
आलं, तासिका तत्त्वाचं रडगाणं आलं. विषय प्रश्नावलीचा आहे.

माजी_सीआर
सर, रागावू नका. फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळायचं नाही, आणि मुलं गावी गेलेली. मी सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, त्यामुळे सगळ्यांचे पीआरएन (नोंदणी क्रमांक) माझ्याकडे. कँटीनमध्ये बसून चाळीसेक फॉर्म मीच भरले.

नळस्टॉप
😂 अंतर्गत सुसंगती म्हणतात ती हीच!

कोथरूडकर
यात हसण्यासारखं काय आहे? ही सरळ फसवणूक आहे. अशी मुलं उद्या अभियंते होणार.

माजी_सीआर
झालोय सर, हिंजवडीत. तिथेही फीडबॅक फॉर्म असतो.

कर्वेरोडची मॅडम
मुलाला कशाला बोलता? हॉल तिकिटाची अट त्याने घातली नव्हती. आमच्याकडे तर फॉर्म इंग्रजीत. "पेडॅगॉजी" म्हणजे काय, असं जुन्नरच्या एका मुलीने मलाच विचारलं. शिकवण्याची पद्धत, असं मी सांगितलं, तिने मला ५ दिले. आता हे कुठल्या घटकात बसवायचं?

नळस्टॉप
पण सीआरला चहा कोणी पाजला, ते कळू द्या.

माजी_सीआर
मी नाव घेणार नाही. क्रीमरोलपण होता.

तासिकावाला
हा बघा तुमचा पाचवा घटक.

कोथरूडकर
थट्टा पुरे. सगळीकडे एकच आकडा टाकलेले फॉर्म गाळून पुन्हा चालवलं. अल्फा ०.८१. खाली आला, मान्य. तरी पुरेसा मानतात त्या ०.७ च्या वरच आहे, हेही लिहून ठेवा. पुढच्या सत्रात दोन उलटे प्रश्न टाकीन. तासिकावाले, समाधान झालं असेल तर बरं.

माजी_सीआर
सर, माझे फॉर्म त्यात गाळले गेले नसणार. आवडत्या सरांना ५ नि ४, नावडत्यांना २ नि ३, असं आलटून पालटून टाकायचो. एकसारखं दिसलं तर संशय येतो ना.